डबा, काच आणि डहाणूचा दर्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डहाणूच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की समुद्र निळा दिसत नाही. तो मातकट दिसतो. पावसाळ्यात चहासारखा, थंडीत जरा निवळलेल्या ताकासारखा. गुडघाभर पाण्यात गेलात की आपलेच पाय आपल्याला दिसेनासे होतात. तलासरी तालुक्याच्या वाट्याला झाईजवळ जो एवढासा किनारा आला आहे, तिथंही हीच गत. याला कारण आहे. वर खंबातचं आखात आहे. नर्मदा आणि तापी यांचा गाळ तिकडे समुद्रात येतो, आणि या पट्ट्यात भरती-ओहोटीचा उतारचढाव एवढा मोठा, की तो गाळ तळाशी बसायलाच सवड मिळत नाही. दिवसातून दोनदा पाणी आत येतं, दोनदा बाहेर जातं आणि दर खेपेला तळ ढवळून काढतं.

अशा ठिकाणच्या माणसानं पाण्याखालच्या छायाचित्रणावर बोलायचं म्हणजे नदी नसलेल्या गावात पूल बांधण्यासारखं झालं. पण या कलेचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आलं की तिची सुरुवातच मुळी पुलापासून झाली आहे. आणि तीही एका घरगुती डब्यातून.

गोष्ट १८५६ च्या फेब्रुवारीतली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ नावाचं गाव आहे. तिथले विल्यम थॉम्पसन हे व्यवसायानं वकील, पण जीव समुद्रातल्या शेवाळात आणि शिंपल्यात अडकलेला. पुराच्या वेळी पुलाच्या खांबांचं काय होतं, ते पाणबुड्याला खाली न धाडता कळेल का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्यांनी लाकडाची एक पेटी करून घेतली. पुढच्या बाजूला काच आणि काचेपुढे वजन लावलेली फळी. होडीतून दोरी ओढली की फळी वर व्हायची आणि उजेड आत जायचा. पेटीत साधा कॅमेरा. मित्राला बरोबर घेऊन ते होडीनं खाडीत गेले, अठरा फुटांवर पेटी सोडली, दोरी ओढली आणि दहा मिनिटं थांबले.

वर काढली तर पेटीत समुद्राचं पाणी शिरलेलं. त्या काळी छायाचित्राची काच ओल्या रसायनानं माखलेली असायची आणि खारं पाणी म्हणजे तिचा काळ. तरीही त्या काचेवर काहीतरी उमटलं होतं. खडक असावेत, शेवाळ असावं, असं पुसट. पाण्याखाली कॅमेरा ठेवून काढलेलं हे पहिलं चित्र मानतात. थॉम्पसन यांनी त्यावर एक टिपण छापून घेतलं आणि तो नाद सोडून दिला.

त्या सुमाराला आपण काय करत होतो? मागे नव्हतो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथले जाणते छायाचित्रकार होते. कॅमेरा मुंबईत आला होता. समुद्र तर तिथं आधीपासून होताच. दोघांची गाठ मात्र पडली नाही. मुंबईचं पाणीही काही पारदर्शक नाही, हे त्याचं एक कारण असेल. पण दुसरं कारण असं, की पाण्याखाली काय आहे हे ज्यांना ठाऊक होतं ते कोळी, आणि ज्यांच्या हातात कॅमेरा होता ते कोळी नव्हते.

आता थोडं शाळेतलं विज्ञान, कारण त्याशिवाय हा डबा समजायचा नाही. पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं, की एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार वाढतो. ऐकायला एक किलो म्हणजे काहीच नाही. पण डब्याची काच समजा पंधरा सेंटिमीटर रुंद आणि दहा उंच आहे. म्हणजे दीडशे चौरस सेंटिमीटर. दहा मीटरवर त्या एवढ्याशा काचेवर दीडशे किलोचा भार पडतो. भाताच्या पन्नास किलोच्या तीन गोणी एका वहीएवढ्या काचेवर ठेवून बघा. बरं, भार नुसता काचेवर नाही, चारी बाजूंनी, वरून, खालून. आणि डब्यात एखादी फट केसाएवढी असली, तरी पाणी तिला शोधून काढतं.

दुसरी अडचण डबा बुडण्याची नाही, न बुडण्याची आहे. वीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद, दहा उंच असा डबा तीन लिटर पाणी बाजूला सारतो. कॅमेऱ्यासकट त्याचं वजन दोन किलो भरलं, तर तो बुचासारखा वर येणार. मग त्याला एक किलोचं शिसं बांधायचं. शिसं लावून वस्तू पाण्यात नीट तोलायची ही विद्या जाळं विणणाऱ्या कोणत्याही मांगेल्याला किंवा माच्छ्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते.

तिसरी अडचण उजेडाच्या वाकण्याची. पाण्यातली काठी मोडल्यासारखी दिसते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. हा उजेड किती वाकतो याचा नियम बगदादच्या इब्न सहल या गणितज्ञानं ९८४ च्या सुमारास मांडून ठेवला होता. युरोपला तो कळायला सहाशे वर्षं लागली. सपाट काचेच्या डब्यातून पाहिलं, तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर असल्यासारखा दिसतो आणि त्या मानानं मोठाही. मासेमारी करणाऱ्यांच्या मोठ्या माशांच्या गोष्टींना एवढा तरी शास्त्राधार आहे. काच घुमटासारखी गोल केली, तर हा दोष बराच कमी होतो.

आता ज्यानं हे सगळं नेटानं केलं त्या माणसाकडे येऊ. लुई बुताँ. फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनच्या हद्दीजवळ बान्यूल्स नावाचं गाव आहे, तिथं समुद्री जीवांची एक प्रयोगशाळा होती आणि बुताँ तिथं काम करत. जड पितळी टोप डोक्यावर चढवून ते पाण्यात उतरायचे, खाली जे दिसायचं ते पाहून हरखून जायचे आणि वर आल्यावर ते कुणाला सांगता येत नाही म्हणून चडफडायचे. (कवीला ही अवस्था चांगली परिचयाची असते.) १८९३ साली त्यांचा भाऊ ऑग्युस्त, जो इंजिनिअर होता, त्यानं त्यांच्यासाठी एक धातूची पेटी आखून दिली. प्रयोगशाळेतल्या मिस्त्रीनं हातभार लावला. म्हणजे पहा, एक शास्त्रज्ञ, एक भाऊ आणि एक मिस्त्री. कारखाना नाही, कंपनी नाही.

या पेटीतली मला सर्वात आवडलेली युक्ती सांगतो. पेटीला हवेनं भरलेला एक रबरी फुगा जोडला होता. पेटी जसजशी खाली जाई, तसतसा बाहेरच्या पाण्याचा दाब फुग्याला चेपी आणि फुग्यातली हवा पेटीत शिरे. म्हणजे बाहेरचा दाब वाढला की आतला दाब तेवढाच वाढायचा आणि पेटीच्या भिंतींवर भारच यायचा नाही. भिंत जाड करून पाण्याशी झुंजण्याऐवजी त्यांनी पाण्यालाच कामाला लावलं.

उजेडाचा प्रश्न राहिला. खाली अंधार, त्यामुळे एका चित्राला कधी कधी अर्धा तास लागायचा. अर्धा तास पाणबुड्यानं समुद्राच्या तळाशी बसून राहायचं आणि खेकड्यांनीही हलायचं नाही! मग त्यांनी प्राणवायू भरलेल्या काचेच्या भांड्यात मॅग्नेशियमची तार जाळून पाहिली. भांडं फुटायचं. मग एका मोठ्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवला आणि रबरी फुग्यानं त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची भुकटी फुंकायची सोय केली. एवढं पिंप समुद्राच्या तळाशी नेऊन उभं करायचं! १८९९ साली विजेचे दिवे वापरून त्यांनी पन्नास मीटर खोलीवर चित्रं घेतली आणि त्याच वर्षी एमिल राकोविझा या रुमानियन शास्त्रज्ञाचं पाण्याखाली छायाचित्र काढलं. पाणबुड्याच्या पोशाखातला एक माणूस, भोवती पाणी. १९०० साली बुताँ यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं आणि मग तेही दुसऱ्या कामाला लागले. या विषयात माणसं येतात, जीव ओततात आणि निघून जातात, असं एकूण दिसतं.

रंगीत चित्र यायला १९२६ साल उजाडलं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोकाला, लाँग्ली आणि मार्टिन या दोघांनी एका तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी ठेवली आणि ती पेटवून तिच्या लखलखाटात खालच्या माशाचं रंगीत चित्र टिपलं. या उद्योगात लाँग्ली एकदा चांगलेच भाजले होते. रंगासाठी एवढा आटापिटा का? तर पाणी आधी लाल रंग गिळतं. पाच-दहा मीटरवर लाल वस्तू काळपट होते. बोट कापलं तर रक्तसुद्धा लाल दिसत नाही. वरून दिवा नेला, तरच खालचा रंग खाली दिसतो.

त्यानंतरची वीस-तीस वर्षं घरगुती डब्यांची. ऑस्ट्रियाचे हान्स हास, फ्रान्सचे कुस्तो यांनी आपापले डबे स्वतः आखून करून घेतले. युद्धाचा काळ, सामान मिळायची मारामार. याच काळात एका साध्या वस्तूनं मोठं काम केलं. रबराचं गोल कडं. नील्स क्रिस्टन्सन या मूळच्या डेन्मार्कच्या अमेरिकन कारागिराला त्याचं पेटंट १९३९ साली मिळालं. झाकणाच्या कडेला खाच पाडायची, त्यात हे कडं बसवायचं. बाहेरून दाब आला, की कडं खाचेच्या एका अंगाला चेपलं जातं आणि फट बुजवतं. दाब जितका जास्त, तितकी फट घट्ट.

आपल्या स्वयंपाकघरात हे तत्त्व रोज शिट्टी वाजवतं. कुकरची रिंग म्हणजे दुसरं काय? फक्त दिशा उलटी. कुकरमध्ये दाब आतून बाहेर, म्हणून काही कुकरचं झाकण आतून बसवतात. वाफच त्याला वर दाबून धरते. पाण्याखालच्या डब्यात दाब बाहेरून आत, म्हणून झाकण बाहेरून बसवायचं.

जगभर हौशी लोकांनी असे डबे केले आणि अजूनही करतात. पीव्हीसीचा जाड पाइप, दोन्ही टोकांना झाकणं, एका टोकाला अ‍ॅक्रिलिकची जाड चकती, बटण दाबायला एक दांडी, दांडीभोवती दोन रबरी कडी. कडं बसवताना त्यावर सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. त्यावर वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस राहिला, तर कॅमेऱ्याला मीठ लावून ठेवल्यासारखंच. डबा झाला की आधी रिकामाच पाण्यात सोडायचा, आत कोरडा कागद ठेवून. कागद कोरडा आला, तरच कॅमेरा आत. सायकलच्या पंक्चरवाल्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघतात, तशीही परीक्षा होते. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांमधून विहिरी आहेत. परीक्षेला समुद्रापेक्षा विहीर बरी. पाणी गोडं आणि दोर हातात.

गंमत अशी, की असा डबा पुष्कळदा खोल पाण्यात गळत नाही, वरच्या हातभर पाण्यात गळतो. कारण तिथं दाब कमी, त्यामुळे कडं अजून नीट चेपलेलं नसतं. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. दगाही उथळ पाणीच देतं, असं या डबेवाल्यांचा अनुभव सांगतो.

१९६३ साली निकॉन कंपनीनं निकोनॉस बाजारात आणला. या कॅमेऱ्याला डबाच लागत नव्हता. तोच पाण्यात जायचा. त्याची मूळ कल्पना कुस्तो यांच्यासाठी काम करणाऱ्या जाँ द वूतेर या बेल्जियन माणसाची. आज तर तारकर्लीला गेलेला पर्यटक गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला फोन अडकवून पाण्यात उतरतो आणि तासाभरात प्रवाळाची चित्रं घरी पोचवतो.

आपल्या भाषेच्या मुलखात स्वतः कॅमेरा घडवण्याची धमक नव्हती असं मुळीच नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा घरच्या घरी तयार केला होता. नाशिकला दादासाहेब फाळके यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्णाची आणि नागाची डोहातली झुंज पडद्यावर दाखवली. कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. यमुनेचा तळ ही अर्थातच फाळक्यांची करामत होती. पण पाण्याखाली काय चाललं आहे हे पाहण्याची ओढ प्रेक्षकांना होती, हे त्यांनी ओळखलं होतं.

प्रत्यक्ष समुद्राच्या तळाशी कॅमेरा नेण्याचं काम आपल्या बाजूला गोव्यातून झालं. दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. तिथं १९८१ पासून सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं आणि डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली पाणबुडे १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात उतरले, दगडी बांधकामं, नांगर टिपू लागले. मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य झाला. तिथं थंडीत पाणी निवळतं, प्रवाळ दिसतं. दिसतं, म्हणून जपावंसं वाटतं, आणि इथंच डहाणूची गोष्ट वेगळी होते.

डहाणूच्या पाण्यात उत्तमातला उत्तम डबा घेऊन गेलात तरी चित्र येत नाही. दिवा लावला तर आणखी वाईट. कसारा घाटात धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसा प्रत्येक मातीचा कण उजळतो. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास ओढ कमी असते, तेव्हा पाणी जरा बसतं. पण कोळ्याच्या डोल जाळ्याला हवं असतं उधाण. पुनवेची, अवसेची जोराची ओढ, जी बोंबील, जवळा उघड्या तोंडाच्या जाळ्यात लोटत आणते. जाळ्याचा चांगला दिवस तो कॅमेऱ्याचा वाईट दिवस. पाणी गढूळ आहे म्हणून इथं काही नाही, असं नाही. तिथं खाणं आहे, म्हणून तिथं मासळी आहे.

शिवाय या पाण्यातल्या कितीतरी माशांचं डोळ्यांवाचून चालतं. घोळ, ढोमा, कोत ही मंडळी पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज करतात आणि त्या आवाजानं एकमेकांना हाका मारतात. तीच पिशवी, म्हणजे घोळीचा बोत, परदेशात सोन्याच्या भावानं जाते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका नावेला दीडशेहून अधिक घोळी एकाच खेपेत मिळाल्या आणि त्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये झाले. त्या घोळींचा थवा पाण्याखाली कसा दिसत होता, हे कुणीच पाहिलेलं नाही.

गढूळ पाण्यासाठीही एक युक्ती आहे बरं का. कॅमेऱ्यापुढे नरसाळ्याच्या आकाराचा पारदर्शक डबा लावतात आणि त्यात स्वच्छ पाणी भरतात. डब्याचं रुंद तोंड वस्तूला जवळजवळ टेकवायचं. मग काच आणि वस्तू यांच्यामध्ये गढूळ पाणी उरतं ते बोटभर. बंदराच्या धक्क्यांचे, पुलांचे खांब असे तपासतात. थॉम्पसन वकिलांना हवं होतं ते हेच. पण यातून एका वेळी दिसतो तो हातभर खांब. समुद्राचा तळ असा हात हात करून कोण बघणार?

हे सगळं नुसत्या हौसेचं असतं तर मी इथं थांबलो असतो. पण २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. त्या प्राधिकरणानं १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणानं अटी घालून होकार दिला. २०२४ च्या जूनमध्ये सुमारे ७६,२०० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. त्यासाठी समुद्रात सुमारे १४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. अभ्यास झाले, नमुने घेतले गेले, जाडजूड अहवाल आले. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांकडे आकडे आहेत. मालवणच्या प्रवाळाचं चित्र दाखवून कुणीही लहान मूलसुद्धा ‘हे राहू द्या’ म्हणू शकतं. वाढवणचा कोळी ‘इथं मासळीचं बी आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात दाखवायला चित्र नसतं. त्याच्याकडे असतं ते आजोबापासून आलेलं बोलणं, आणि बोलणं फायलीला टाचता येत नाही.

तरी या दोन तालुक्यांत एका माणसानं पाण्याखालचं चित्र काढलं आहे. त्याला कॅमेरा लागला नाही. जिव्या सोमा म्हसे तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे. सात वर्षांचे असताना आई गेली आणि त्यांनी बोलणंच टाकलं. कित्येक वर्षं ते धुळीत रेघा ओढून सांगत, काय हवं, काय नको ते. पुढं ते डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहायला आले. वारली बायका लग्नाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहीत. तो हात या पुरुषाला लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार पाड्यावर कागद आणि पांढरा रंग घेऊन आला आणि जिव्यांची चित्रं भिंतीवरून कागदावर उतरली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसचं प्रदर्शन, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

मासेमारीचं जाळं हा त्यांचा आवडता विषय. शेणानं सारवलेल्या कापडावर त्यांनी तो पुन्हापुन्हा रंगवला. बारीक बारीक रेघांचं जाळं, इतकं मोठं की कापडावर दुसऱ्या कशाला फारशी जागाच उरत नाही. त्याच्या आत मासे. बाहेर माणूस, अगदी लहान. पाणी मात्र कुठंच रंगवलेलं नाही. पाण्याचा गढूळपणा नाही, दाब नाही, काच नाही, उजेड वाकत नाही. जाळ्यात काय आलं, ते आतून आणि बाहेरून एकदमच दिसतं. त्या रेघा मोजायला मी एकदा बसलो होतो. शंभरच्या पुढं कुठंतरी नजर हलली, आणि जाळंही हलल्यासारखं वाटलं.